सर्व्हिस डेस्कमधील निवडयादी बाहेरच्या माहितीवरून भरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोणत्या प्रणालीला लागू होतात?

ओटीआरएस, तिची मोफत आवृत्ती बंद झाल्यावर पुढे चालवलेली झ्नुनी आणि त्याच मुळातून निघालेली ओटोबो या तीन सर्व्हिस डेस्क प्रणाली (तक्रारी व विनंत्या 'तिकीट' म्हणून नोंदवून त्यांचा पाठपुरावा करणाऱ्या) डोळ्यांसमोर ठेवून येथील उत्तरे लिहिली आहेत. तिन्ही पर्ल भाषेत लिहिलेल्या असून, तिकिटावर आपल्या गरजेचे रकाने जोडण्यासाठी तिन्हींत 'डायनॅमिक फील्ड' ही एकच सोय आहे. ती ओटीआरएसच्या ३.१ या आवृत्तीपासून आली. पडद्यांची आणि मेनूंची नावे आवृत्तीनुसार थोडी बदलतात, पण विचार करण्याची पद्धत बदलत नाही. उदाहरणांसाठी महाराष्ट्रातील जिल्हे आणि तालुके घेतले आहेत, कारण बाहेरच्या यादीत उद्भवणाऱ्या जवळजवळ सर्व अडचणी या एका यादीत सापडतात.

३६ जिल्ह्यांची यादी हाताने भरली तर काय बिघडते?

यादी खरोखरच ३६ ओळींची असेल आणि ती सांभाळणारी व्यक्ती ठरलेली असेल, तर काहीही बिघडत नाही. ॲडमिन पडद्यावर ड्रॉपडाउन प्रकारचे फील्ड उघडून 'संभाव्य मूल्ये' या भागात प्रत्येक जिल्ह्याची एक जोडी टाकावी. डावीकडे की, म्हणजे साठवला जाणारा सांकेतांक, आणि उजवीकडे पडद्यावर दिसणारे नाव. अडचण सुरू होते ती यादी शेकड्यांत गेल्यावर, किंवा तिचा खरा मालक दुसरा विभाग असल्यावर. शाखांची यादी प्रशासन विभाग बदलतो, संगणकांची यादी खरेदी विभाग बदलतो, आणि सर्व्हिस डेस्कला ते कळते तेव्हा एखादा एजंट, म्हणजे तिकिटे हाताळणारा कर्मचारी, नाइलाजाने 'इतर' निवडू लागलेला असतो. 'इतर' या पर्यायाखाली जमणारी तिकिटे वाढू लागली, तर यादी स्रोतापासून तुटली आहे असे खुशाल समजावे.

बाहेरची माहिती आणण्याचे मार्ग कोणते, आणि त्यांतून निवड कशी करावी?

पहिला मार्ग म्हणजे साधे ड्रॉपडाउन ठेवून त्याची संभाव्य मूल्ये ठरलेल्या वेळी स्क्रिप्टने अद्ययावत करणे. दुसरा मार्ग डेटाबेस प्रकारच्या फील्डचा, ज्यात एजंट अक्षरे टाइप करतो तेव्हाच बाहेरच्या तक्त्यात शोध घेतला जातो. ओटोबोत ही सोय अंगभूत आहे. तिसरा मार्ग वेब सर्व्हिस फील्डचा, ज्यात तोच शोध एपीआयमार्फत, म्हणजे दुसऱ्या प्रणालीने प्रश्न स्वीकारण्यासाठी ठेवलेल्या दारातून, जातो. झ्नुनीत तो उपलब्ध आहे. चौथा मार्ग फक्त ग्राहकांच्या, म्हणजे तक्रार करणाऱ्या व्यक्तींच्या यादीसाठी आहे. ही यादी एलडॅप निर्देशिकेतून (संस्थेच्या वापरकर्त्यांच्या सामाईक नोंदवहीतून) किंवा दुसऱ्या डेटाबेसमधून थेट वाचता येते.

निवड करताना 'यादी किती मोठी?' यापेक्षा 'यादी किती वेळा बदलते?' हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे. वर्षातून एकदा बदलणाऱ्या यादीसाठी दर टाइपाला दुसऱ्या सर्व्हरचे दार ठोठावणे म्हणजे त्या सर्व्हरचा प्रत्येक बिघाड आपल्या अंगावर ओढवून घेणे होय. तालुक्यांची यादी साडेतीनशेच्या घरात जाते. तरीही ती साध्या ड्रॉपडाउनमध्ये व्यवस्थित चालते, कारण ओटीआरएस ५ पासून ड्रॉपडाउनमध्येच शोधण्याची सोय आहे. मात्र हजारो ओळींची यादी फॉर्म उघडताना प्रत्येक वेळी ब्राउझरकडे पाठवली जाते. म्हणून यंत्रसामग्री, कर्मचारी किंवा मीटर क्रमांक अशा याद्यांसाठी दुसरा किंवा तिसरा मार्गच योग्य ठरतो.

सांकेतांक आणि नाव वेगळे ठेवण्याचा एवढा आग्रह कशासाठी? नावच साठवले तर चालणार नाही का?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर ते हे वाचावे.

औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर २०२३ मध्ये झाले. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. ज्या तिकिटांवर नावच साठवले होते, तेथे एकाच जिल्ह्याची तिकिटे दोन नावांखाली विभागली जातात आणि प्रत्येक अहवालात दोन ओळी हाताने जोडत बसावे लागते. जेथे सांकेतांक साठवला होता, तेथे यादीतील उजवीकडचा एक शब्द बदलला की जुनी आणि नवी सर्व तिकिटे नव्या नावाने दिसू लागतात.

दुसरे कारण सारख्या नावांचे आहे. खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही आहे. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही आहे. मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये, आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये आहे. नाव हीच की केली, तर प्रणालीत दोनांपैकी एकच खेड राहील आणि दुसऱ्या खेडची तिकिटे निमूटपणे पहिल्याच्या खात्यावर जमा होतील. दाखवायच्या नावात 'खेड, रत्नागिरी' असा जिल्हा जोडावा, म्हणजे एजंटचीही चूक होणार नाही.

सांकेतांक स्वतः तयार करू नये. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यात महाराष्ट्राचा राज्य क्रमांक २७ आणि गोव्याचा ३० आहे. मात्र २०११ च्या जनगणनेचे जिल्हा क्रमांक ही वेगळी मालिका आहे. जनगणनेतील पुण्याचा ५२१ हा क्रमांक निर्देशिकेतील क्रमांकाच्या यादीत मिसळला, तर तो एखाद्या भलत्याच जिल्ह्याशी जुळू शकतो. कोणती मालिका वापरली आहे, हे फील्डच्या वर्णनात लिहून ठेवावे. आपल्यानंतर ही यादी सांभाळणाऱ्या व्यक्तीवर तेवढे उपकार आपण नक्की करू शकतो.

ठरलेल्या वेळी अद्ययावत करणारी स्क्रिप्ट कशी लिहावी?

प्रणालीतील डायनॅमिक फील्डचे मॉड्यूल वापरून फील्डची सध्याची मांडणी वाचावी, तिच्यातील संभाव्य मूल्यांमध्ये नव्या जोड्या मिसळाव्यात आणि त्याच मॉड्यूलमार्फत मांडणी परत लिहावी. ही मांडणी डेटाबेसच्या तक्त्यात यॅमल या मजकूर-स्वरूपात असते, हे पाहून पुष्कळांना थेट एसक्यूएलने ती बदलण्याचा मोह होतो. तसे करू नये. मॉड्यूलमार्फत बदल केला की संबंधित कॅश, म्हणजे वेगासाठी ठेवलेली तात्पुरती प्रत, हीही साफ होते. थेट तक्ता बदलला, तर पडद्यावर जुनीच यादी दिसत राहते आणि तासभर भलतीकडेच शोध चालतो.

'मिसळाव्यात' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. मी काम केलेल्या एका ठिकाणी रात्रीची स्क्रिप्ट जुनी यादी पुसून नवी लिहीत असे. एका रात्री स्रोताकडून आलेली फाइल अर्धीच उतरली. सकाळी अर्ध्या शाखा यादीतून नाहीशा झाल्या होत्या आणि त्या शाखांच्या जुन्या तिकिटांवर नावाऐवजी नुसते क्रमांक दिसत होते, कारण संभाव्य मूल्यांत की सापडली नाही की प्रणाली साठवलेली कीच जशीच्या तशी दाखवते. माहिती नष्ट झालेली नव्हती, पण दूरध्वनीवर बोलणाऱ्या एजंटला तो फरक समजावून सांगता येत नाही. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. नवी यादी जुनीपेक्षा लक्षणीय लहान असेल, तर स्क्रिप्टने काहीही न बदलता थांबावे आणि ईमेल पाठवावा. आणि बंद झालेली शाखा यादीतून कधीही काढू नये. तिची की व नाव राहू द्यावे आणि एसीएलच्या (पडद्यावर कोणते पर्याय दिसावेत हे ठरवणाऱ्या नियमाच्या) 'पॉसिबल नॉट', म्हणजे 'शक्य नाही', या भागात ती की घालून नव्या तिकिटांच्या फॉर्मवरून ती लपवावी. एसीएल लिहून झाल्यावर 'डिप्लॉय' करावे लागते, हे विसरू नये.

स्क्रिप्ट चालवण्यासाठी प्रणालीचे स्वतःचे डेमन (पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्राम) वापरता येते. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये स्वतःची कामे वेळापत्रकावर टाकण्यासाठी रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात. सर्व्हरच्या क्रॉन या वेळापत्रकातून चालवायची असल्यास ती प्रणालीच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवावी. रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याने चालवल्यास कॅशच्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि नंतर वेब सर्व्हरला त्या पुसता येत नाहीत.

डेटाबेस प्रकारचे फील्ड मांडताना कोणत्या गोष्टी आधी तयार असाव्यात?

सर्वात आधी स्रोताच्या डेटाबेसमध्ये एक व्ह्यू, म्हणजे मूळ तक्त्यातील निवडक रकाने दाखवणारा आभासी तक्ता, तयार करून घ्यावा. मूळ तक्त्याला थेट हात लावू नये. व्ह्यूमध्ये फक्त आवश्यक रकाने असावेत. उदाहरणार्थ, यंत्रक्रमांक, यंत्राचे नाव, शाखेचा सांकेतांक आणि सद्यस्थिती. उद्या मूळ तक्त्याची रचना बदलली तरी व्ह्यू सांभाळला की आपले फील्ड चालू राहते. त्या व्ह्यूपुरता, फक्त वाचनाचा अधिकार असलेला स्वतंत्र वापरकर्ता मागून घ्यावा. 'सध्या आमचाच पासवर्ड वापरा' असे कोणी म्हटले तरी तो घेऊ नये.

त्यानंतर पर्लचे योग्य ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारे मॉड्यूल, बसवलेले आहे का, हे प्रणालीसोबत येणाऱ्या मॉड्यूल-तपासणीच्या आज्ञेने पाहावे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल यांची ड्रायव्हर वेगवेगळी आहेत, आणि ओरॅकलसाठी त्या कंपनीचे क्लायंट सॉफ्टवेअरही लागते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरकडे ओडीबीसी या सामाईक जोडणी-पद्धतीमार्फत जाता येते. नेहमीचे पोर्ट मायएसक्यूएलसाठी ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलसाठी ५४३२, ओरॅकलसाठी १५२१ आणि एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३ हे आहेत. मात्र स्रोत सांभाळणाऱ्यांनी ते बदललेले असू शकतात, म्हणून विचारून घ्यावे.

फील्डच्या पडद्यावर व्ह्यूचे नाव, त्यातील रकाने, कोणत्या रकान्यात शोधायचे, कोणते रकाने सूचनांत दाखवायचे आणि कोणता रकाना ओळख म्हणून साठवायचा, हे ठरवावे लागते. ओळख म्हणून निवडलेला रकाना व्ह्यूमध्ये एकमेवच असला पाहिजे. ०००४१७ असे पुढे शून्य असलेले क्रमांक असतील, तर तो रकाना व्ह्यूमध्येच मजकूर प्रकारात बदलून घ्यावा, नाहीतर ४१७ आणि ०००४१७ यांची चुकामूक होते.

कन्सोलवरून जोडणी होते, पण वेब पडद्यावर सूचना येत नाहीत. असे का?

रेड हॅट कुळातील लिनक्सवर हा प्रश्न हमखास येतो. तेथे एसई-लिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा वेब सर्व्हरच्या प्रक्रियेला बाहेरच्या डेटाबेसशी किंवा नेटवर्कशी बोलू देत नाही. कन्सोलवर आपण वेगळ्या संदर्भात काम करत असल्यामुळे तेथे सर्व सुरळीत दिसते. डेटाबेसशी जोडणीची परवानगी आणि नेटवर्क जोडणीची परवानगी हे दोन वेगळे स्विच आहेत. डेटाबेस फील्डसाठी पहिला आणि वेब सर्व्हिससाठी दुसरा कायमस्वरूपी चालू करावा. एसई-लिनक्स संपूर्ण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये.

तेही ठीक असेल, तर फील्ड त्या विशिष्ट पडद्यावर चालू केले आहे का, हे पाहावे. फोन तिकीट, ईमेल तिकीट, ग्राहकाचा फॉर्म आणि तिकिटाचा तपशील या प्रत्येक पडद्यासाठी शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे चालू आणि दोन म्हणजे अनिवार्य अशी वेगळी नोंद असते; तिकिटाच्या तपशिलात मूल्य फक्त दाखवले जाते, म्हणून तेथे दोन लागू नाही.

वेब सर्व्हिस फील्डमध्ये काय काळजी घ्यावी?

येथे दोन पायऱ्या आहेत. आधी जेनेरिक इंटरफेस या बाहेरच्या प्रणालींशी बोलणाऱ्या भागात वेब सर्व्हिस मांडावी लागते: कोणत्या पत्त्यावर विनंती जायची, ओळख कशी पटवायची, आणि आलेले उत्तर आपल्या अपेक्षित रूपात कसे बदलायचे. मग फील्डमध्ये ती सर्व्हिस, साठवायचे मूल्य, दाखवायची मूल्ये आणि त्यांच्यामधील विभाजक चिन्ह निवडावे. शोधासाठीची विनंती आणि आधीच साठवलेल्या मूल्याचे नाव मिळवण्यासाठीची विनंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त पहिली मांडून थांबल्यास निवड करताना सर्व नीट दिसते आणि तिकीट उघडल्यावर नाव येत नाही.

उत्तराचे रूपांतर एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेने केले जात असेल, तर जेसन स्वरूपात आलेले उत्तर आधी एक्सएमएल स्वरूपात बदलले जाते, हे लक्षात ठेवावे. एक्सएमएलमध्ये घटकाचे नाव अंकाने सुरू होऊ शकत नाही. त्यामुळे ज्या एपीआयने जिल्हा क्रमांक हीच जेसनमधील कीची नावे केली आहेत, तिचे उत्तर रूपांतरातच अडकते. अशा वेळी क्रमांक हे मूल्य म्हणून पाठवण्याची विनंती एपीआय लिहिणाऱ्यांना करावी. तसेच चाचणी नेहमी तीन शब्दांनी करावी: पुष्कळ नोंदी देणारा, एकच नोंद देणारा आणि एकही नोंद न देणारा. एकाच नोंदीच्या वेळी यादीचे रूप बदलून ती साधी नोंद होणे ही या रूपांतरातील ठरलेली ठेच आहे, आणि पुष्कळ नोंदींच्या चाचणीत ती कधीच लागत नाही. डीबगरमध्ये पाठवलेली विनंती आणि आलेले उत्तर दोन्ही दिसतात. अंदाज बांधण्याआधी ते पाहावे.

जिल्हा निवडल्यावर फक्त त्याच जिल्ह्याचे तालुके कसे दाखवावेत?

साध्या ड्रॉपडाउनसाठी हे काम एसीएल करते: जिल्ह्याची की अमुक असेल, तर तालुक्याच्या फील्डमध्ये अमुक कीच शक्य आहेत. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक, अशा ३६ एसीएल लागतील. त्यांत प्रत्येक तालुक्याची की मोजून लिहिण्याऐवजी नियमित पदावली (मजकुराचा नमुना सांगणारी खूण) वापरता येते. म्हणजे तालुक्याच्या कीची सुरुवात जिल्ह्याच्या क्रमांकाने केली, की 'या क्रमांकाने सुरू होणाऱ्या सर्व की' असा एकच नियम पुरतो.

ही युक्ती सोयीची आहे, पण तिची किंमत ठाऊक असावी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा यांच्यासह ८ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. तालुक्याच्या कीमध्येच जिल्हा गुंफलेला असेल, तर अशा दिवशी ८ की बदलाव्या लागतात आणि जुनी तिकिटे अनाथ होतात. म्हणून मी तालुक्याची की स्वतंत्र ठेवतो आणि जिल्ह्याशी असलेले नाते एसीएलमध्ये स्क्रिप्टनेच लिहवून घेतो. डेटाबेस फील्ड असेल, तर प्रश्न आणखी सोपा होतो. व्ह्यूमधील जिल्ह्याच्या रकान्यावर जिल्ह्याचे फील्ड गाळणी म्हणून लावता येते. त्या रकान्यात मात्र जिल्ह्याचा सांकेतांक असला पाहिजे, कारण तुलना साठवलेल्या मूल्याशी होते.

डायनॅमिक फील्डच्या अंतर्गत नावात फक्त रोमन अक्षरे आणि अंक चालतात. दाखवायचे लेबल मात्र मराठीत ठेवता येते आणि ठेवावे.

सूचना फार हळू येतात. काय करावे?

ग्राहकाच्या शोधाची मूळ मांडणी अशी असते: किमान २ अक्षरे, १०० मिलिसेकंदांची प्रतीक्षा आणि जास्तीत जास्त २० सूचना. देवनागरीसाठी यातला पहिला आकडा फसवा आहे. ब्राउझर काना-मात्रा स्वतंत्र मोजतो. त्यामुळे 'पु' या एकाच अक्षराची लांबी २ होते आणि 'स्त्री' या एका अक्षराची ६. किमान मर्यादा ४ केल्यास 'पुणे' पूर्ण झाल्यावर शोध सुरू होतो. प्रतीक्षा ३०० मिलिसेकंदांच्या आसपास नेली, तर टाइप करणाऱ्याला फरक जाणवत नाही आणि विनंत्यांची संख्या पुष्कळ कमी होते.

दुसरे कारण शब्दाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, 'येथे काहीही चालेल' असे सांगणाऱ्या तारका. शब्दाच्या सुरुवातीची तारका ठेवल्यास मजकूर मधोमध कोठेही शोधला जातो आणि डेटाबेसला साधा इंडेक्स (शोध वेगाने लावणारी सूची) वापरता येत नाही. क्रमांकाने शोधल्या जाणाऱ्या यादीत सुरुवातीची तारका काढावी. नावांच्या यादीत ती ठेवावी, कारण कोणी आडनावाने शोधतो, कोणी नावाने.

यादीत नाव आहे, पण मराठीत टाइप केल्यावर सापडत नाही. असे का?

कारण दिसायला सारखे असलेले मजकूर आतून वेगळे असू शकतात. 'ऱ' हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका रूपात आणणे) केले की ही दोन्ही रूपे एक होतात. परंतु 'साताऱ्या'मधील अर्धा र काही कळफलक साध्या 'र'ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून लिहितात, आणि ते रूप प्रमाणीकरणानेही जुळत नाही. त्याशिवाय कराड आणि कऱ्हाड ही दोन्ही लेखने प्रचारात आहेतच. उपाय असा, की व्ह्यूमध्ये 'शोध-मजकूर' नावाचा जादा रकाना ठेवावा. त्यात प्रमाणित रूप, प्रचलित पर्यायी रूपे, जुने नाव आणि रोमन लिपीतील नाव एकत्र लिहावे आणि शोध त्यावरच घ्यावा. म्हणजे 'उस्मानाबाद' टाइप करणाऱ्या एजंटलाही धाराशिव मिळते.

अंकांचीही तीच गोष्ट आहे. मराठी कळफलक चालू असताना पिनकोड टाइप केला, की देवनागरी अंक जातात आणि स्रोतात रोमन अंक असतात. एपीआय आपल्या हातात असेल, तर तिने येणारे देवनागरी अंक बदलून घ्यावेत.

ओरॅकलचा स्रोत असल्यास रकान्याची रुंदी तपासावी. तेथे रुंदी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'छत्रपती संभाजीनगर' या नावात मधली जागा धरून १७ चिन्हे आणि ४९ बाइट आहेत, त्यामुळे ४० रुंदीच्या रकान्यात ते मावत नाही.

ग्राहकांच्या पोर्टलवरही अशा सूचना द्याव्यात का?

शाखा, तालुके, सेवांचे प्रकार अवश्य द्यावेत. व्यक्तींची नावे, मोबाइल क्रमांक किंवा कोणाकडे कोणते यंत्र आहे हे देऊ नये. सूचना दाखवणारा रकाना म्हणजे संपूर्ण यादीत डोकावण्याची खिडकी असते. चार अक्षरे बदलत बसणारा कोणीही ती यादी उतरवून घेऊ शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न केवळ सौजन्याचा उरलेला नाही. ग्राहकाला स्वतःचे यंत्र निवडायचे असेल, तर लॉगिन केलेल्या व्यक्तीपुरतीच नोंद परत येईल अशी अट स्रोताच्या बाजूला, म्हणजे एपीआयमध्येच असावी. फॉर्मवर लपवलेला रकाना हे संरक्षण नव्हे.

स्रोताचा सर्व्हर बंद असेल तर तिकीट नोंदवता येईल का?

रकाना अनिवार्य केला असेल, तर येणार नाही, आणि नेमके सर्व्हर बंद पडले त्याच सकाळी तिकिटांची रांग लागते. म्हणून थेट शोध घेणारा रकाना अनिवार्य करू नये. तो ऐच्छिक ठेवावा, शेजारी 'यंत्रक्रमांक, सूचना न मिळाल्यास' असा साध्या मजकुराचा रकाना द्यावा आणि तिकीट बंद करण्याच्या पडद्यावर मात्र मूळ रकाना अनिवार्य करावा, म्हणजे तोपर्यंत स्रोत परत आलेला असतो. कॅशचा कालावधी सेकंदांत लिहायचा असतो. दिवसातून एकदा बदलणाऱ्या यादीसाठी काही तासांचा कालावधी ठेवल्यास आधी शोधलेली नावे स्रोत बंद असतानाही मिळत राहतात.